किचनच्या भिंतीवर वारली काढायचीय, पण तेल-वाफेनं खराब होईल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. डोंबिवलीचा टू बीएचके, छोटं किचन, ओट्याच्या वर दोन फूट टाइल्स आणि त्याच्यावर प्लेन ऑफ-व्हाईट भिंत, डायनिंगच्या बाजूला अजून एक रिकामी भिंत, बहिणीनं दिलेलं एक मधुबनी पेंटिंग गुंडाळून कपाटात पडलंय, तुम्हाला गॅसच्या वरच्या भिंतीवर वारली काढायची आहे आणि सासूबाई म्हणतात की फोडणीच्या तेलानं वर्षभरात सगळं चिकट होईल, उगाच पैसे घालवू नका. मी बरीच वर्षं घरांच्या भिंती रंगवायचं आणि सजवायचं काम करते, त्यात किचन मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गॅसच्या बरोब्बर वरच्या भिंतीपुरतं शंभर टक्के बरोबर, पण अख्ख्या किचनसाठी नाही. लोक आधी चित्र ठरवतात आणि मग त्याला जागा शोधतात, किचनमध्ये हे उलटं करायचं असतं, आधी भिंत बघायची, तेल कुठे उडतं वाफ कुठे जाते पाणी कुठे शिंतडतं ते बघायचं आणि मग त्या जागेला झेपेल ते चित्र तिथे लावायचं. पुसता येईल ते ओट्याजवळ आणि जपावं लागेल ते लांब, एवढं एक पाळलं ना की निम्मे प्रॉब्लेम येतच नाहीत.

तेल कुठपर्यंत जातं हे डोळ्यांना दिसत नाही. मी कुठल्याही किचनमध्ये गेले की पहिल्यांदा पांढरे टिश्यू पेपर घेते, किंचित ओले करते आणि गॅसपासून दर फूटभर अंतरावर भिंतीवर एकेक घासून बघते, बाजूला पण आणि वरती पण. जिथे टिश्यूवर पिवळसर किंवा तपकिरी डाग येतो तिथपर्यंत तुमच्या घरचं तेल पोचतंय. प्रत्येक घरात हे वेगळं असतं, रोज डीप फ्राय करणाऱ्या घरात पार छतापर्यंत येतो, आणि चिमणी बाहेर डक्ट काढून लावलेली असेल तर ओट्याच्या वर दोन-अडीच फुटांत संपतो. डक्ट नसलेली, हवा फिल्टर करून परत किचनमध्येच सोडणारी चिमणी असेल तर ती तेल थोडं धरते पण वाफ तशीच राहते, हे लक्षात ठेवा. खिडकी कुठल्या बाजूला आहे त्यावर पण आहे, वारा आत येत असेल तर तो सगळा धूर समोरच्या भिंतीवर नेऊन टाकतो, त्यामुळे कधीकधी गॅसच्या समोरची भिंत बाजूच्या भिंतीपेक्षा जास्त चिकट सापडते. कॅबिनेटच्या वरून एकदा हात फिरवून बघा, लगेच अंदाज येईल.

आता गॅसच्या मागची जागा. तिथे मी रंगाचं काम सुचवतच नाही, कितीही चांगला पेंट असू दे. तिथे चित्र हवं असेल तर ते टाइलवर हवं. गोव्यात पणजीला फोंटेन्हासमध्ये फिरला असाल तर घरांच्या दारांवर निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या टाइल्सच्या नावाच्या पाट्या बघितल्या असतील, त्यांना आझुलेजो म्हणतात, ही पोर्तुगीजांकडून आलेली कला. पणजीतच इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशाच्या दालनात अशा टाइल्सची अख्खी भित्तिचित्रं आहेत, १९३५ ची, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी केलेली, आणि रंग आजही उजळ दिसतात. कारण रंग टाइलवर नुसता लावलेला नसतो, भट्टीत भाजून ग्लेझशी एकजीव झालेला असतो. त्याला हळद लागली, तेल उडालं, गरम वाफ लागली तरी काही होत नाही, साबणाच्या पाण्यानं पुसलं की झालं. गोव्यात आज पण हाताने रंगवून भाजून देणारे कारागीर आहेत आणि साइज सांगितली तर तुमच्या मापात करून देतात. अख्खी भिंत करायची गरज नाही, गॅसच्या मागे सहा किंवा नऊ टाइल्सचं एक चित्र आणि आजूबाजूला तुमच्या आहेत त्याच प्लेन टाइल्स, एवढ्यानं किचनचा चेहरा बदलतो.

फक्त घेताना एक प्रश्न विचारायचा, रंगवल्यावर भट्टीत भाजलीय का? बाजारात खूप ठिकाणी साध्या टाइलवर अ‍ॅक्रेलिकनं रंगवून वरून लॅकर मारून विकतात, शोपीस म्हणून ठीक आहे, गॅसमागे काही महिन्यांत पापुद्रे निघतात. शंका असेल तर कोपऱ्यात कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून हळूच घासायचं, रंग कापसावर आला तर ती भाजलेली नाही. जयपूरची ब्लू पॉटरी दिसायला फार गोड असते पण ती मातीची नसून क्वार्ट्झच्या पावडरची, कमी तापमानाला भाजलेली आणि नाजूक, ती लांबच्या भिंतीवर लावा. आणि टाइलपेक्षा लोकांना त्रास होतो तो मधल्या फटींचा, पांढरं सिमेंटचं ग्राउट हळद पिऊन पिवळं होतं आणि मग अख्खं चित्र कळकट दिसतं, म्हणून तिथे एपॉक्सी ग्राउटच भरून घ्या, महाग पडतं पण ते डाग धरत नाही. मिस्त्री म्हणेल काही फरक पडत नाही, त्याचं ऐकू नका.

वारलीसाठी मी तुमची डायनिंगच्या बाजूची भिंत घेईन. आणि तिथे काढायचीच, अगदी मनापासून सांगते, कारण वारलीची मूळ जागाच घराची भिंत आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागातल्या पाड्यांवर कुडाच्या भिंतीला शेण-माती सारवून, त्यावर गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक घालून पांढरा रंग करतात आणि बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचाच ब्रश. लग्नात सवासिनी घरातल्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, धवलेरी म्हणजे लग्नाचे विधी करणारी बाई गाणी म्हणते, तो विधी आहे, त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. हे सगळं कागदावर आणि जगासमोर आलं ते १९७० च्या दशकात, जिव्या सोमा मशे या वारली चित्रकारामुळे. डहाणूजवळच्या गंजाडचे, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या आधी हे बहुतेक बायकांचंच काम होतं. आणि एक गंमत सांगते, भास्कर कुलकर्णी नावाचे मुंबईचे चित्रकार होते, १९६० च्या दशकातल्या दुष्काळात बिहारमध्ये मिथिलेच्या, म्हणजे मधुबनी काढणाऱ्या बायकांकडे कागद घेऊन गेले की भिंतीवर काढता ते यावर काढा, म्हणजे विकता येईल, आणि नंतर तेच वारली पाड्यांवर पण गेले. म्हणजे तुमच्या कपाटातली मधुबनी आणि तुम्हाला हवी असलेली वारली, दोन्ही कागदावर येण्यामागे एकच मराठी माणूस आहे.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे विषय निवडताना विचार करा. लग्नाचा देवीचा चौक नुसता सुंदर दिसतो म्हणून फ्रिजच्या बाजूला किंवा सिंकवर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो कुणाचा तरी देव आहे. किचनला शोभणारे विषय वारलीत भरपूर आहेत, भाताची लावणी, कापणी, झोडणी, मुसळानं कांडणाऱ्या बाया, जात्यावर बसलेली जोडी, ताडाच्या झाडावर चढलेला माणूस, मासे पकडणारे, कोंबड्या, मुंग्यांची रांग. तुमच्या डायनिंगच्या भिंतीवर खालून वर चढत जाणारं असं भाताचं वर्ष काढलं, पेरणीपासून खळ्यापर्यंत, तर जेवायला बसल्यावर समोर अन्नच दिसतं. तारपा नाच सगळ्यांना हवा असतो, काढा की, पण त्याला मोकळी जागा लागते. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरलेल्या माणसांची गोल गोल उलगडत जाणारी साखळी, तीन फुटांपेक्षा कमी रुंदीत ती गर्दी वाटते.

शक्य असेल तर वारली कलाकाराकडूनच काढून घ्या. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि पालघर जिल्ह्यातले कितीतरी तरुण कलाकार घरी येऊन भिंती करून देतात, डोंबिवली त्यांना लांब नाही. पैसे साधारण स्क्वेअर फुटावर सांगतात आणि आकृत्या किती दाट त्यावर कमी-जास्त होतात. घासाघीस नका करू, नेटवरच्या डिझाइनचा फोटो पाठवून हेच काढा असं पण नका सांगू, विषय सांगा आणि बाकी त्यांच्यावर सोडा. मी जे कलाकार काम करताना बघितलेत ते पेन्सिलीनं जेमतेम एखादी रेघ मारतात आणि थेट सुरू करतात, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं, आणि तो वरचा त्रिकोण किती कलला त्यावर तो माणूस वाकलाय की नाचतोय की ओझं उचलतोय हे ठरतं. आपण स्टेन्सिल लावून काढतो तेव्हा नेमकं हे कलणं मरतं, सगळी माणसं ताठ उभी राहतात.

स्वतः काढणार असाल तरी हरकत नाही, घरच्यांनी मिळून काढलेल्या भिंतीची मजा वेगळीच असते, पण भिंतीची तयारी नीट करा कारण किचनमध्ये खेळ सगळा तयारीचा आहे. आधी ओल आहे का बघा, फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी आतून दव आलं असेल तर भिंत ओली आहे, मग आधी गळती शोधा. पलीकडे बाथरूम असेल तर हे हमखास करा, नाहीतर रंगाच्या आतून खार फुटून पोपडे येतात आणि त्याला वरून कुठलाच इलाज नाही. मग धुण्याचा सोडा किंवा भांड्याचं लिक्विड गरम पाण्यात घालून भिंत पुसायची, साध्या पाण्यानं दोनदा पुसायची, पूर्ण वाळवायची. हा भाग पेंटरला कंटाळवाणा वाटतो आणि तो सरळ प्राइमर मारतो, पण खाली तेलाचा पातळ थर राहिला तर वरचं काहीही धरत नाही. जुना डिस्टेंपर असेल तर तो खरवडून काढा, हात फिरवला की पांढरी पावडर येते तो डिस्टेंपर. २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा, प्राइमर, आणि मग बेसचे दोन हात.

बेस कुठला, यावर मी लोकांशी नेहमी वाद घालते. सगळ्यांना एकदम मॅट गेरू कलर हवा असतो कारण तो खऱ्या मातीसारखा दिसतो. दिसतो, पण गडद मॅट भिंत किचनमध्ये जिथे जिथे पुसाल तिथे तिथे चकाकी येते आणि वर्षभरात ढगाळ दिसायला लागते. पूर्ण ग्लॉसी घेतला तर लाइट चमकतो आणि चित्र दिसतच नाही. म्हणून धुता येणारा, हलकी शीन म्हणजे चमक असलेला चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रेलिक इमल्शन घ्या. शेड गेरूची, पण जरा मातकट घ्या, भडक विटकरी नको, छोटं किचन अंगावर येतं. डोंबिवलीच्या फ्लॅटचा उजेड बघता मी तर अख्खी भिंत गेरू न करता वरचा पट्टा ऑफ-व्हाईट ठेवून फक्त मधला चार-साडेचार फुटांचा भाग गेरू करेन.

पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ नको, पाड्यावर ते योग्य आहे कारण तिथे भिंत परत सारवतात आणि परत लिहितात, आपल्याकडे ते पुसलं जाईल आणि झुरळांना खाऊ होईल. साधा पांढरा अ‍ॅक्रेलिक घ्या, पातळ दह्यासारखा करा, शून्य आणि एक नंबरचा गोल ब्रश. अ‍ॅक्रेलिक मार्करनं पण होतं, नवशिक्यांना तेच सोपं, पण रेघ एकसारखी जाड येते, ब्रशची कमी-जास्त होणारी रेघ जास्त जिवंत दिसते. चित्र झालं की घाई करू नका, दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या आणि मग पाण्यावरचा क्लिअर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सॅटिन वॉर्निश, पातळ दोन हात. थिनरवाला वॉर्निश नका घेऊ, तो काळानुसार पिवळा पडतो आणि पांढरी माणसं पिवळी होतात. आणि आधी कोपऱ्यात एका ठिपक्यावर लावून बघा, काही मार्करची शाई वॉर्निशच्या ओल्या हातात पसरते.

भाड्याचं घर असेल, किंवा दोन-तीन वर्षांत कंटाळा येईल असं वाटत असेल, तर भिंतीवर काढूच नका, मरीन प्लायच्या सहा एमएमच्या पॅनेलवर काढा, मागच्या बाजूला आणि कडांना पण प्राइमर द्या आणि स्क्रूवर टांगा. घर बदललं तरी चित्र सोबत येतं. एमडीएफ मात्र नको, किचनच्या दमटपणात कडा फुगतात.

मधुबनीबद्दल. ते हाताने केलेल्या कागदावर असेल आणि नैसर्गिक रंगाचं असेल तर त्याचे दोन शत्रू, ऊन आणि दमट हवा. ओट्यापासून लांब, खिडकीचं ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर लावा, तुमच्या वर्णनावरून डायनिंगमधून हॉलकडे जाताना जी छोटी भिंत येते तीच योग्य. फ्रेमवाल्याला सांगा की काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्ड घाला, मागून टेपनं पूर्ण सील करा. टेकलेल्या काचेला पावसाळ्यात आतून दव धरतं आणि कागद काचेलाच चिकटतो, मग सोडवताना रंग उचकटतो. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बुश लावा म्हणजे मागून हवा खेळते, पाल आणि कसर दोन्ही कमी. मध्य साधारण जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर ठेवा, पण जिथे बसूनच बघणार तिथे थोडं खाली.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. आजीच्या वेळचे पितळी झारे, पळ्या, सोऱ्या, पुरणयंत्राची जाळी हे भिंतीवर मांडलं तर कुठल्याही विकतच्या वॉल हँगिंगपेक्षा छान दिसतं, फक्त नियमित चिंच-मीठ किंवा पितांबरी लावायची तयारी हवी. विळी भिंतीवर टांगू नका. खणाच्या कापडाच्या फ्रेम्स हल्ली खूप चालतात, सुंदर असतात, पण काचेच्या आतच, उघडं कापड, मॅक्रमे, कापडी तोरण हे किचनमध्ये तेल आणि वास दोन्ही धरतं आणि गॅसजवळ तर धोकाच. चहा-कॉफीवरच्या वाक्यांचे पोस्टर मला स्वतःला नाही आवडत, रोज तेच वाक्य वाचून चित्र लवकर मरतं. देवघर किचनमध्येच असेल आणि श्रावणात जिवतीचा कागद लावत असाल तर त्याच्यासाठी एक उघडता येणारी काचेची फ्रेम करून ठेवा, महिनाभर सुरक्षित राहतो, नरसिंह, कालियामर्दन, मुलं खेळवणाऱ्या जिवत्या, बुध-बृहस्पती, किती सुरेख चित्र आहे ते, त्याला पण कुणी तरी नीट जागा द्यायला हवी.

खिळा ठोकायच्या आधी गॅसची पाइपलाइन, पाण्याची लाइन कुठून गेलीय ते बघा, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल करू नका, वायर बहुतेक तिथूनच उभी गेलेली असते. नवीन टॉवरमध्ये बऱ्याचदा मायवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे खिळा वाकतो, हॅमर ड्रिल आणि गिट्टीच (स्क्रू धरणारा प्लग) लागते. चिकटपट्टीवाले हुक दमट किचनमध्ये रात्रीत पडतात, काचेची फ्रेम त्यावर कधीच नको. आणि लाइटचा विचार करा, एवढी मेहनत करून वर पांढरीफटक ट्यूब असेल तर गेरू मळकट दिसतो, ३००० ते ४००० केल्विनचा, म्हणजे फार पांढरा नसलेला एक छोटा स्पॉट भिंतीकडे वळवून लावा.

कामाची वेळ दिवाळीच्या आधीची ऑक्टोबर हीट सगळ्यात चांगली, किंवा मग फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी थांबा, भिंत आतून सुकलेली नसते.

झाल्यावर पहिला महिनाभर भिंतीला पाणी लावू नका, वॉर्निश पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो. नंतर दर पंधरा दिवसांनी मऊ मायक्रोफायबर कापड, कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, वरून खाली हलक्या हाताने आणि लगेच कोरड्या कापडानं. काच पुसायचा स्प्रे नको, हिरवी घासणी तर अजिबात नको, आणि हे कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी भिंतीसमोर उभं राहून दाखवा, कापड वेगळं काढून तिथेच हुकला टांगून ठेवा.